वीस धुण्यांचं कापड

पाचव्या धुण्यानंतर मीटरवर आकडाच आला नाही. योगिनीनं काळ्या सुती पट्टीच्या दोन्ही टोकांचे चिमटे काढले, पुसले, पुन्हा घट्ट लावून पाहिले. फरक शून्य. तिनं वहीत डिसेंबर २००८ मधली ती तारीख घातली, पुढे 'पाच' लिहिलं आणि आडवी रेघ मारली. अशा रेघा त्या वहीत इतक्या झाल्या होत्या, की पानं उलटताना ती आता त्यांच्याकडे पाहतही नसे.

हैदराबादेत तारनाक्याच्या बाजूला एका सरकारी संशोधन संस्थेत ती पीएच.डी. करत होती. सहावं वर्ष चालू होतं. काम सांगायला सोपं होतं. सुती कापडातून वीज जात नाही. ती जाईल असं कापड करायचं. त्यासाठी कोठीच्या बाजारातलं साधं मांजरपाट आणायचं, उकळून स्वच्छ करायचं. केसापेक्षा हजारो पट बारीक अशा कार्बनच्या नळ्या, नुसत्या डोळ्यांना काजळीसारख्या दिसणाऱ्या, साबणासारखं एक द्रव्य घालून पाण्यात घुसळायच्या. त्या पाण्याला प्रयोगशाळेत सगळे शाईच म्हणत. शाईत कापड बुडवायचं, पिळायचं, भट्टीत सुकवायचं, पुन्हा बुडवायचं. दहा-बारा वेळा असं केलं की कापड काळंभोर होई. हाताला सुतीच लागे, पण बॅटरी जोडली की दुसऱ्या टोकाचा बारीक दिवा लागे. पहिल्यांदा तो लागला तेव्हा खोलीत ती एकटीच होती, आणि एकटीच मोठ्यानं हसली होती.

असं कापड जगात इतरांनीही केलं होतं. अडचण धुण्याची होती. धुतलं की काजळी सुटायची. योगिनीचं कापड मात्र २००६ साली वीस वेळा धुऊनही टिकलं होतं. तसा निबंध परदेशी नियतकालिकात छापून आला, त्यावर तिचं नाव पहिलं होतं. तिचे मार्गदर्शक डॉ. प्रमोद साने यांना त्यानंतर ठिकठिकाणी व्याख्यानांना बोलावणी येऊ लागली.

आणि त्यानंतर ते कापड पुन्हा कोणालाच जमलं नव्हतं. खुद्द योगिनीलाही नाही.

तिनं पाणी बदललं, कापड बदललं, भट्टी बदलली. "तुझ्या हातात काहीतरी बिघडलंय," साने सर म्हणत. ते रागावून म्हणत नसत, काळजीनं म्हणत, आणि म्हणून ते जास्त आत जाई. अडीच वर्षांत तिला ते खरंच वाटू लागलं होतं. घरी चहा करताना कप निसटला तरी ती आपल्या हातांकडे पाहत राही. सरांची सही झाल्याशिवाय थिसिस पुढे जात नव्हता, आणि सरांचं म्हणणं एकच होतं: "वीस धुणी एकदा पुन्हा दाखव, मी लगेच सही करतो." तिच्या वर्गातल्या मुली माधापूरच्या संगणक कंपन्यांच्या चकचकीत इमारतींमध्ये जाऊन बसल्या होत्या, दोघी अमेरिकेत होत्या. देशानं जगाला दारं उघडून सतरा वर्षं झाली होती आणि सगळे कुठे ना कुठे निघाले होते. योगिनी रोज सकाळी विद्यानगरहून निघे आणि त्याच काळ्या पाण्यापाशी येऊन उभी राही.

सोडून द्यावं, तर वडील मध्ये होते. नामदेवराव, तिचे नाना, उदगीरकडच्या एका खेड्यातल्या शेतकरी घरातले, रेल्वेत कारकून म्हणून हैदराबादला आले आणि इथलेच झाले. साने सर त्यांना मराठी मंडळाच्या एका कार्यक्रमात भेटले होते. पुण्याचा मोठा शास्त्रज्ञ, आपल्या भाषेतला माणूस! नामदेवरावांनी हात जोडून मुलीला त्यांच्याकडे सोपवलं होतं. सरांनीही तिला घरच्यासारखंच वागवलं. ती बोलताना 'करायलाव' म्हणाली की हसून 'करता आहात' असं दुरुस्त करण्यापर्यंत. अशा माणसाला नाही कसं म्हणायचं, हे तिला सहा वर्षांत कळलं नव्हतं.

त्या रेघेनंतर ती पट्ट्या वाळत घालायला गच्चीवर गेली. दुपारची वेळ होती. भामा तिथे बाटल्या उन्हात मांडत होती. भामा प्रयोगशाळेतली कामवाली, कंत्राटावरची. मूळची नांदेडकडची, लालापेटला राहणारी, चाळिशीची बाई. बोलायला मराठी माणूस मिळतं म्हणून योगिनीवर तिचा जीव.

"ताई, एक विचारू?" भामा म्हणाली. "तुम्ही हे कापड त्या गोळ्यांच्या डब्यात कशापायी घालता? त्यानंच तर काळं सुटतंय."

कापड धुण्याची प्रमाण पद्धत ठरलेली होती. पोलादी डब्यात साबणाचं गरम पाणी, पोलादी गोळ्या, वर कापड. तो डबा यंत्रात पाऊण तास फिरायचा. घरची रगडून धुलाई मोजायची ती तशी.

"तशीच पद्धत आहे, भामाबाई."

"असंल. पर तवा मी बादलीत धुतले होते ते कसे झ्याक राहिले की."

योगिनीच्या हातातली पट्टी तशीच राहिली. "कधी बादलीत?"

"तुमच्या नानाचं ऑपरेशन झालं तवा. तुम्ही दवाखान्यात होता न्हवं का? मला सांगून गेलाव, रोज दोन-दोन बार धू म्हणून. पयल्याच दिवशी त्या डब्यातल्या गोळ्या काळ्या झाल्या. यंत्र दुसऱ्या खात्याचं. तिथला माणूस लई खेकसला माझ्यावर, पुन्हा इकडं आलीस तर बघ म्हणला. मग मी काय करावं? थंड पाण्याच्या बादलीत खळबळून काढले. साबण न्हाई, काई न्हाई. वीस म्हणलं होतं, वीस केले बगा. एकबी चुकवला न्हाई."

शेवटचं वाक्य ती अभिमानानं बोलली.

योगिनी खाली बसली. गच्चीचं सिमेंट तापलं होतं, ते तिला कळलं नाही. नानांची बायपास, दवाखान्यातले ते दहा दिवस, परतल्यावर दोरीवर ओळीनं लटकलेल्या, आकड्यांच्या चिठ्ठ्या लावलेल्या पट्ट्या. तिनं एकेक मोजली होती. आकडे बघून नाचली होती. आणि निबंधात लिहिलं होतं: 'धुलाई प्रमाण पद्धतीनुसार केली.' भामाला काही विचारलं नव्हतं. विचारायचं असतं हे डोक्यातच आलं नव्हतं.

"काय चुकलं का माझं?" भामानं घाबरून विचारलं.

"नाही," योगिनी म्हणाली. "तुमचं काही चुकलं नाही."

आपल्या हातांत काही बिघडलेलं नाही, हे तिला त्या क्षणी कळलं. पण बरं वाटलं नाही. अडीच वर्षं ती जी गोष्ट पुन्हा करायला धडपडत होती ती कधी घडलीच नव्हती.

सरांना तिनं त्याच दिवशी सांगितलं. ऐकताना ते पेनाचं टोपण लावत-काढत होते. ती थांबली तेव्हा ते उठले आणि त्यांनी खोलीचं दार लोटून घेतलं.

"हे आणखी कोणाला बोललीस?"

"नाही, सर."

"चांगलं केलंस." ते परत बसले. साठीला आलेला, नीटनेटका माणूस. त्या दिवशी त्यांचा चेहरा एकदम सैल पडल्यासारखा दिसला. "हे बघ, योगिनी. आपण हे बाहेर सांगितलं तर चौकशी लागेल. चौकशी लागली की पहिली जाईल ती भामा. कंत्राटावरची बाई, तिला विचारतो कोण? दुसरी तू. निबंधावर पहिलं नाव तुझं आहे, ते वाक्य तुझं आहे. मग मी. माझं काय, निवृत्तीला दोन वर्षं राहिलीत. पण तुझ्या वडिलांना मी काय सांगू?"

"पण सर, ते खोटं आहे."

"तेव्हा तुला माहीत नव्हतं. तेव्हा ते खोटं नव्हतं."

"आता माहीत आहे."

सरांनी पेनाचं टोपण घट्ट लावलं. मग म्हणाले, "मुंबईच्या कंपनीची माणसं पुढच्या महिन्यात येताहेत. एवढं होऊ दे. त्यांच्याबरोबर काम सुरू झालं की आपण चिकटवण्याचा उपाय शोधू. कापड धुण्यात टिकेल असं करू, तेव्हा ते खरंच होईल. आणि थिसिसवर मी सही करतो. वीस धुणी नकोत आता. उद्या आण."

हेच ऐकायला ती अडीच वर्षं थांबली होती. तिनं दुसऱ्या दिवशी थिसिस नेला नाही. तिसऱ्याही नाही. पण कोणाला काही सांगितलंही नाही. भामा समोर आली की ती दुसरीकडे बघे. सांगावं तर भामा बुडते, न सांगावं तर आपण. दोन्ही बाजूंनी विचार करून ती रोज पुन्हा त्याच जागी येई, आणि मग शाई घुसळायला लागे, कारण हातांना दुसरं काही येत नव्हतं.

मुंबईची कंपनी हृदयरोग्यांसाठी बंडी करणार होती. साधी सुती बंडी, छातीपाशी तीन काळे तुकडे, तिथून काळ्या धाग्यांनी एका काडेपेटीएवढ्या डबीला जोडलेले. बंडी अंगात घातली की डबी हृदयाचे ठोके टिपून ठेवणार. ठोका नीट मिळतोय तोवर हिरवा दिवा. रुग्णानं घरी वापरायची, घरी धुवायची. सर म्हणाले, दाखवायला खरा रुग्ण हवा. आणि त्यांनी परस्पर नामदेवरावांना फोन केला.

नाना जानेवारीत ठरलेल्या सकाळी इस्त्रीचा सदरा घालून आले. बैठकीच्या खोलीत त्यांनी तो काढला आणि लेकीनं केलेली बंडी घालून खुर्चीवर ताठ बसले. डबीवर हिरवा दिवा लागला. भिंतीवरच्या पडद्यावर त्यांच्या हृदयाची रेघ उड्या मारत धावू लागली. कंपनीच्या माणसांनी टाळ्या वाजवल्या. नानांनी मान वळवून ती रेघ पाहिली आणि मग योगिनीकडे पाहिलं. असं त्यांनी तिच्याकडे याआधी कधी पाहिलं नव्हतं.

कंपनीतर्फे आलेली वैशाली नावाची बाई टिपणं घेत होती. मुंबईची, पस्तिशीची, कमी बोलणारी. तिनं विचारलं, "घरी धुतल्यावर याचं काय होतं? बायका कपडे ब्रशनं घासतात."

सरांनी तोंड उघडायच्या आत नानाच बोलले. "वीस बार धुऊन पाहिलंय हो माझ्या मुलीनं. मी दवाखान्यात पडून होतो, तरी हिचं काम बंद न्हवतं. छापून आलंय फॉरीनला."

सगळे हसले, कौतुकानं. वैशालीनं योगिनीकडे बघून विचारलं, "वीस?"

खोलीत पंखा फिरत होता. पडद्यावर नानांचं हृदय चालू होतं. सर टेबलावरचा कागद सरळ करत होते. आता 'नाही' हा एक शब्द बोलला तर सहा वर्षं, सर, भामा आणि खुर्चीवर बंडीत बसलेले नाना, सगळं एकाच वेळी कोसळणार होतं. योगिनीनं नानांकडे पाहिलं. 

"हो," ती म्हणाली.

ठरल्याप्रमाणे चार रुग्णांना महिनाभरासाठी बंड्या दिल्या. एक नाना, बाकीचे तिघे एका डॉक्टरांनी सुचवलेले. प्रत्येकाला एक डबी आणि एक छोटी वही. रोज धुवायचं, रोज घालायचं, हिरवा दिवा लागला की 'ठीक' लिहायचं.

जवळजवळ दोन आठवडे नाना घरात बंडी घालून फिरत होते आणि योगिनी त्यांच्याकडे न बघता जेवत होती. तिला चौथ्या-पाचव्या दिवसाची भीती होती. तो आला आणि गेला. नाना काही बोलले नाहीत. आई, सावित्रीबाई, काही बोलली नाही. वहीत रोज नानांच्या रेल्वेतल्या टपोऱ्या अक्षरात लिहिलेलं असे: ठीक. बारा दिवस झाले, तरी ठीक. योगिनीच्या मनात एक वेडी आशा उगवली. आई हलक्या हातानं धुत असेल, कुणी सांगावं, कदाचित कापड खरंच टिकलं असेल!

एका रविवारी सकाळी नाना भाजी आणायला गेले असताना तिनं डबीतलं कार्ड काढून संगणकावर घातलं. पहिले तीन दिवस ठोके सुरेख होते. चौथ्या दिवशी सकाळी अकरानंतर रेघ सरळ झाली होती आणि तिथून पुढे सरळच होती. नऊ दिवस.

नाना परत आले. तिनं वही त्यांच्यापुढे धरली.

"नाना, हे काय लिहायलाव तुम्ही? दिवा तर लागतच न्हाई."

नानांनी पिशवी खाली ठेवली. स्वयंपाकघराच्या दाराकडे एकदा बघितलं आणि आवाज उतरवून म्हणाले, "हळू बोल. तुझ्या आईला वाटतंय तिच्या हातानं झालं. चौथ्या दिवशी तिनं सोड्यात भिजवलं, ब्रश मारला. मोरीत समदं काळं पाणी. रडायली बिचारी. सहा वर्षं पोरीनं घासली आन् मी एका दिवसात वाट लावली म्हणायली. मग मी काय लिहू? ठीक लिहिलं. बाकीच्या तिघांचं चांगलं असंल, एकाच्यानं काय बिघडतंय तुझं?"

योगिनी खुर्चीत बसली. मग तिनं सगळं सांगितलं. गच्ची, बादली, सरांची खोली, सगळं, एका दमात. आई कधी दारात येऊन उभी राहिली ते तिला दिसलं नाही.  तिचं संपल्यावर नानांनी चष्मा काढून हातात धरला.

"म्हंजे त्या दिवशी तुला ठाऊक होतं," ते म्हणाले. "मी त्या लोकांपुढं बोलत होतो तवा."

"हौ."

"आन् तू मला बोलू दिलंस."

 नाना उठून बाल्कनीत गेले. खाली इडलीवाल्यापाशी नेहमीची गर्दी होती. आई दारातच होती, ती येऊन योगिनीशेजारी बसली आणि पहिलं वाक्य बोलली ते असं: "म्हंजे ब्रशनं न्हाई गेलं ते?" आणि पदरानं डोळे पुसले. तिच्या आवाजातली सुटका ऐकून योगिनीला आणखीच लाज वाटली.

बऱ्याच वेळानं नाना आत आले. "बाकीचे तिघं कोण हायत?" त्यांनी विचारलं.

"का?"

"का काय? त्यांच्या घरीबी बाया धुतच असतील. त्यांना वाटायलं असंल डबी बघतीया आपलं हृदय. पत्ते घे. मी येतो."

योगिनीनं आधी वैशालीला फोन केला. काय बोलायचं ते कागदावर लिहून काढलं होतं, पण दुसऱ्याच वाक्याला कागद बाजूला राहिला. भामाचं नाव तिनं घेतलं नाही. 'धुणं माझ्या देखरेखीत होतं, मी देखरेख केली नाही,' एवढंच म्हणाली.  वैशालीनं एकच विचारलं, "बंड्या अजून किती जणांच्या अंगावर आहेत?"

"तीन."

"आज काढून घ्या. बाकीचं लेखी पाठवा." आणि फोन बंद झाला.

पहिल्या दोन घरांत काही त्रास झाला नाही. एका घरात बंडी कधीच कपाटात गेली होती. दुसऱ्या घरातली सत्यवती नावाची आजी तेलुगूत "पर्वालेदु अम्मा," काही हरकत नाही, म्हणाली आणि घडी घातलेली बंडी आणून दिली. तिसरा पत्ता कोठीच्या एका गल्लीतला होता. हशमतसाहेब नावाचे म्हातारे गृहस्थ, जुन्या पुस्तकांचा धंदा मुलाच्या हाती देऊन वरच्या मजल्यावर राहणारे. बंडी त्यांच्या अंगातच होती. डबीवर दिवा नव्हता.

नानांनी हैदराबादी बोलीत समजावून सांगितलं. हे बंद पडलंय साहेब, हे काही बघत नाही, वापस द्या.

"मालूम है मेरेकू," हशमतसाहेब शांतपणे म्हणाले. "बत्ती कबकी बुझ गई. लेकिन इसकू पैने तो मेरेकू नींद आती. नै देताऊं मैं."

"दादाजी, यह झूठा है," योगिनी म्हणाली. 

म्हातारा तिच्याकडे बघून हसला. "बेटी, डबी ले जाओ. कपडा रहने दो. कपडे ने किसका क्या बिगाडा?"

तिनं नानांकडे पाहिलं. नाना भिंतीकडे बघत होते. तिनं वाकून म्हाताऱ्याच्या छातीपाशी जोडलेला काळा धागा डबीतून सोडवला. मग पिशवीतून हृदयाच्या डॉक्टरांचा नंबर काढून त्यांच्या उशाशी ठेवला आणि काही झालं तर इथेच फोन करायचा, डबीची वाट बघायची नाही, असं त्यांच्याकडून दोनदा वदवून घेतलं. त्यांनी म्हटलंही, लहान मुलाची समजूत घालावी तसं.

सोमवारी सरांनी तिला बोलावलं तेव्हा टेबलावर टाइप केलेला कागद तयार होता. मुंबईहून फोन येऊन गेला होता. कागदात लिहिलं होतं, की धुण्याच्या नोंदीत विद्यार्थिनीकडून गंभीर निष्काळजीपणा झाला.

"वाच आणि सही कर," सर म्हणाले. ते तिच्याकडे बघत नव्हते. "मला दुसरा रस्ता ठेवला नाहीस तू."

तिनं वाचलं. पुन्हा वाचलं. त्यात खोटं काही नव्हतं. तिनं विचारलंच नव्हतं, आणि लिहिलं होतं. तिनं पेन घेतलं, सही केली, आणि सहीखाली एक ओळ घातली: 'ही चूक मी डॉ. साने यांना डिसेंबर २००८ मध्ये तोंडी सांगितली होती.'

सरांनी ती ओळ वाचली. त्यांचा हात कागदावर तसाच राहिला. "हे काढ."

"नाही, सर."

"योगिनी, मी तुला मुलीसारखं—"

"हौ, सर. म्हणूनच इतके दिवस गेले."

ती बाहेर आली. सुटल्यासारखं अजिबात वाटत नव्हतं.

आणि ती सुटलीही नाही. चौकशी बसली. निकाल लागेपर्यंत थिसिस द्यायचा नाही, संस्था सोडायची नाही, प्रयोगशाळेत कशाला हात लावायचा नाही. रोज दहा वाजता येऊन हजेरीपुस्तकात सही मात्र करायची. अकरा महिने ती वाचनालयाच्या एका खुर्चीत बसली. सोबतच्या संशोधकांनी आधी बोलणं कमी केलं, मग बंद केलं. साने सर रजेवर गेले, ते परत आलेच नाहीत. मुदतीआधीच निवृत्ती घेतली असं कळलं. घरी नाना जेवताना तिच्याशी बोलत, बातम्यांबद्दल, भाजीच्या भावाबद्दल. त्या सकाळच्या खुर्चीबद्दल एकदाही नाही. तिला ते शिव्यांपेक्षा जड जाई.

डिसेंबरात निबंध मागे घेतल्याची नोटीस छापून आली. योगिनीला दुसरे मार्गदर्शक मिळाले. थिसिस नव्यानं लिहायची परवानगी मिळाली, वर्षभराची. त्या दिवशी ती वाचनालयातून बाहेर पडली, तेव्हा भामा तिला संस्थेच्या बागेत दिसली. हातात पाण्याची नळी होती.

वर्षभर योगिनी तिला टाळत होती. आता पळायला जागा नव्हती. "तुम्ही बागेत?" तिनं विचारलं.

"हौ, एप्रिलपासून. कंत्राटदार बदलला न्हवं का. बरं हाय, मोकळ्या हवेत."

"माझ्यामुळं?"

"तुमच्यामुळं कशाला? समद्यांनाच इकडं-तिकडं टाकलं." भामानं नळी गुलाबाच्या आळ्यात सोडली. "चौकशीचे साहेब आले होते, तवा मलाबी विचारलं त्यांनी. सांगितलं मी, बादलीत धुतले म्हणून. लिहून घेतलं, अंगठा घेतला, जा म्हणले."

योगिनी बघतच राहिली. "तुम्हाला भीती नाही वाटली?"

"वाटली की. पर त्यांनी विचारलं, मी सांगितलं." तिनं मान वर केली. "तुम्ही त्या दिवसानंतर माझ्याशी बोलायच्याच बंद झालाव, ताई. मला वाटलं, मी काई तरी लई मोठं पाप केलं. रोज वाटायचं, विचारावं. तुम्ही दिसायलाव लॅबच्या काचेतून, आन् तोंड फिरवायलाव."

योगिनीनं बोलायला तोंड उघडलं. 'तुमची नोकरी वाचावी म्हणून' हे शब्द तयार होते, वर्षभर तिनं ते स्वतःला ऐकवले होते. ते तिला आता म्हणता येईनात. आळं भरून पाणी वाटेवर येऊ लागलं. भामा नळी उचलून पुढच्या झाडाकडे गेली, आणि थोडं थांबून योगिनी तिच्या मागोमाग चालू लागली.